चाळणीमागून चाळणी : क्रमवार चाचण्यांचा अर्थ

(हैदराबाद येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचा आरंभ याच शहरातील एका घटनेपासून करणे उचित ठरेल. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात तेलंगणातील कोविडचा पहिला रुग्ण हैदराबादेत आढळला आणि त्याला गांधी रुग्णालयात ठेवण्यात आले. लगोलग आणखी दोन व्यक्तींचे नमुने येथील तपासणीत संशयास्पद ठरले. त्या दिवसांतील शिरस्त्याप्रमाणे ते खात्रीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे रवाना झाले. पुण्याचे उत्तर यावयाचे होते; परंतु वार्ता उत्तरासाठी थांबली नाही. ४ मार्च रोजी माइंडस्पेस संकुलातील एका इमारतीतून कर्मचारी घाईघाईने बाहेर पडले, कचेऱ्या रिकाम्या झाल्या आणि सायंकाळपर्यंत शहरभर एकच विषय झाला. दुसऱ्या दिवशी पुण्याचा अहवाल आला. दोन्ही नमुने निगेटिव्ह होते.

या प्रसंगात प्रयोगशाळांचे काही चुकले असे कोणी समजू नये. पहिल्या तपासणीने संशय व्यक्त करावा आणि दुसरीने त्याचा निवाडा करावा, अशीच ती व्यवस्था होती, आणि ती व्यवस्थेप्रमाणे पार पडली. अडचण झाली ती ऐकणाऱ्यांची. संशयाचा शब्द त्यांनी निवाड्याचा शब्द म्हणून ऐकला. मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. म्हणूनच एकापाठोपाठ एक घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. कारण चाचणीचा निष्कर्ष प्रयोगशाळेतून निघून माणसाच्या कानापर्यंत पोहोचतो तो शब्दांतून, आणि शब्द हे आमचे काम आहे.

या विषयात दोन शब्द वारंवार येतात : संवेदनशीलता आणि विशिष्टता. पैकी पहिला शब्द आपण मराठी माणसांनी आजवर कवीच्या मनासाठी राखून ठेवला होता. तो काचेच्या नळीला लावताना थोडे अवघडल्यासारखे होते. १९४७ साली अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून क्षयरोग ओळखण्याच्या पद्धतींची तुलना करताना या दोन संज्ञा वापरात आणल्या. अर्थ सोपा आहे. ज्यांना खरोखरच रोग आहे अशा शंभर माणसांपैकी चाचणी जितक्यांना पकडते ती तिची संवेदनशीलता. ज्यांना रोग नाही अशा शंभरांपैकी जितक्यांना ती निर्दोष सोडते ती तिची विशिष्टता. पहिली संज्ञा केवळ रोग्यांविषयी बोलते, दुसरी केवळ निरोग्यांविषयी. आपल्या हाती पॉझिटिव्ह लिहिलेली चिठ्ठी पडली असता आपण नेमक्या कोणत्या गटातले, हे या दोन्हींपैकी एकही आकडा एकटा सांगत नाही. ते कळण्यासाठी आपल्या भागात तो रोग कितपत आहे हेही ठाऊक असावे लागते.

क्रमवार चाचण्यांचे वर्म समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातील धान्य निवडण्याची रीत डोळ्यांपुढे आणावी. गृहिणी धान्य प्रथम सुपात पाखडते, मग चाळते आणि शेवटी ताटात घेऊन एकेक खडा वेचते. प्रत्येक टप्प्यावर धान्य अधिक स्वच्छ होत जाते यात शंका नाही. परंतु पाखडताना जो चांगला दाणा फोलपटाबरोबर अंगणात उडाला तो चिमणीचा झाला. पुढे ताटात कितीही बारकाईने निवडले तरी तो परत येत नाही. नंतरचा टप्पा आधीच्या टप्प्याने सुपात ठेवलेल्या दाण्यांवरच काम करतो. वैद्यकीय चाचण्यांचेही तेच आहे.

आता थोडा हिशेब करू. आकडे माझे, केवळ समजुतीसाठी घेतलेले. दहा हजार वस्तीत एक रोग शंभर जणांना आहे असे धरा. एक चाचणी आहे. तिची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टताही ९० टक्के. नव्वद टक्के म्हटले की आपल्याला प्रथम श्रेणीची गुणपत्रिका आठवते. परंतु प्रत्यक्ष काय होते? शंभर रोग्यांपैकी ९० पकडले जातात, १० सुटतात. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९० जण, विनाकारण पॉझिटिव्ह ठरतात. एकंदर १,०८० चिठ्ठ्या पॉझिटिव्ह. त्यांत खरे रोगी ९०. म्हणजे बारा चिठ्ठ्यांपैकी एक खरी, अकरा खोट्या. रोग विरळ असला की चांगल्या चाचणीचीही अशी फजिती होते.

म्हणून या १,०८० जणांचीच दुसरी, तितक्याच गुणवत्तेची परंतु वेगळ्या पद्धतीची चाचणी घेऊ. नव्वद रोग्यांपैकी ८१ पुन्हा पॉझिटिव्ह येतात, आणि ९९० निरोग्यांपैकी केवळ ९९. आता १८० चिठ्ठ्यांत ८१ खऱ्या आहेत. दोन्ही टप्पे मिळून विशिष्टता ९९ टक्क्यांवर गेली. हा मोठाच लाभ होय. ९,९०० निरोग्यांपैकी ९,८०१ जणांचा घोर मिटला. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहावी. संवेदनशीलता ९० वरून ८१ वर उतरली. पहिल्या चाचणीत सुटलेले १० आणि दुसरीत सुटलेले ९, असे १९ रोगी ‘तुम्हांला काही नाही’ हा निरोप घेऊन घरी गेले.

येथे कोणी विचारील की, दोन चाचण्या घेतल्यावर अचूकता सर्वच बाजूंनी वाढावयास नको काय? याचे उत्तर असे की, पुढे कोणाला पाठविले यावर ते अवलंबून आहे. वरील हिशेबात आपण पॉझिटिव्ह माणसे पुढे पाठविली. आता उलट करून पाहा. पहिल्या चाचणीत जे पॉझिटिव्ह आले त्यांना तसेच मानू आणि जे निगेटिव्ह आले त्यांचीच दुसरी चाचणी घेऊ. पहिलीत सुटलेल्या १० रोग्यांपैकी ९ दुसरीत सापडतात. शंभरांपैकी ९९ पकडले गेले. मात्र ८,९१० निरोग्यांपैकी आणखी ८९१ जण विनाकारण अडकले. आधीचे ९९० मिळून १,८८१ झाले. संवेदनशीलता ९९, विशिष्टता ८१. चाचण्या त्याच, माणसे तीच. केवळ रांगेची दिशा बदलली आणि आकडे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे झाले.

हा कागदावरचा खेळ नाही. २०२० साली एकाच देशात, एकाच रोगासाठी आणि महिन्याभराच्या अंतराने या दोन्ही दिशा प्रत्यक्ष अमलात आल्या. गोव्यात वेर्णा येथे ज्याचा कारखाना आहे ते ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य खात्यांस परिचित होते. १९ मे २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविडसाठी त्याच्या वापराची सुधारित रीत घालून दिली. प्रथम विषाणूच्या एका जनुकाचा शोध घ्यावयाचा. तो न आढळल्यास तो निष्कर्ष खरा निगेटिव्ह मानावयाचा. आढळल्यास दुसऱ्या जनुकाची खात्रीची चाचणी करावयाची. म्हणजे पॉझिटिव्ह पुढे. त्यानंतर १४ जून २०२० रोजी त्याच परिषदेने रॅपिड अँटिजेन चाचणीस मान्यता दिली. येथे नियम उलट होता : पॉझिटिव्ह आला तर तो खरा मानावा, फेरतपासणी नको, परंतु लक्षणे असलेली व्यक्ती निगेटिव्ह आली तर तिची आरटी-पीसीआर चाचणी अवश्य करावी. म्हणजे निगेटिव्ह पुढे.

असे का? परिषदेच्या त्या सूचनेतच उत्तर होते. या अँटिजेन संचाची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आढळली होती, तर संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के. ही चाचणी ज्याला रोगी म्हणते तो बहुधा रोगी असतोच. परंतु ती ज्याला सोडते त्याच्याविषयी तिचा शब्द कच्चा आहे. तेव्हा तिचा होकार स्वीकारावा आणि नकार तपासून घ्यावा, हे ओघानेच आले. चाचणीचा जो शब्द दुबळा त्या शब्दाच्या मागे दुसरी चाचणी उभी करावयाची, एवढेच या शास्त्राचे व्यावहारिक सूत्र आहे.

तेलंगणात जुलै २०२० पासून ही अँटिजेन चाचणी सुरू झाली. अर्ध्या तासाच्या आत निष्कर्ष, मोठ्या यंत्राची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येणारी. तिचे स्वागत होणे स्वाभाविक होते. परंतु देशात अनेक ठिकाणी नियमाचा पूर्वार्ध अमलात आला आणि उत्तरार्ध मागे पडला. अखेर १० सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना लक्षात आणून दिले की, काही मोठ्या राज्यांत लक्षणे असलेल्या निगेटिव्ह व्यक्तींची आरटी-पीसीआर फेरतपासणी होत नाही; ती सक्तीने व्हावी. आरंभी लक्षणे नसलेल्या निगेटिव्ह व्यक्तीस दोन-तीन दिवसांत लक्षणे दिसू लागल्यास तिचीही फेरतपासणी व्हावी, असेही त्यात नमूद होते.

उत्तरार्ध गळल्याने काय होते याचा हिशेब मघाच्याच पद्धतीने करता येईल. संवेदनशीलता ६० टक्के धरली तर शंभर बाधितांपैकी चाळीस जणांच्या हाती निगेटिव्ह चिठ्ठी पडते. दुसरी चाचणी झाली तर त्यांतील बहुतेक सापडतात. ती झाली नाही तर ते चाळीस जण ती चिठ्ठी खिशात ठेवून लग्नाला, बाजाराला, म्हाताऱ्या आईच्या भेटीला जातात. चिठ्ठी नसती तर कदाचित खोकल्यामुळे घरी थांबले असते. अपुरी चाचणी कधी कधी चाचणी नसण्याहून अधिक घातक ठरते, हे माझे मत आहे. तज्ज्ञ मंडळी त्यात दुरुस्ती सुचवू शकतील.

येथे एका गृहीतकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आपल्या हिशेबात दोन चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे आपण धरले. व्यवहारात नेहमी तसे नसते. नाकातील स्राव घेताना काडी नीट फिरलीच नाही, किंवा त्या दिवशी विषाणू नाकात पुरेसा नव्हताच, तर त्या नमुन्यावर अँटिजेन चाचणी फसेल आणि आरटी-पीसीआरही फसण्याचा संभव आहे. ज्या कारणाने पहिली चुकली त्याच कारणाने दुसरीही चुकत असेल तर दोन चाचण्या ही कागदावरची संख्या होय. दोन साक्षीदार एकाच गवाक्षातून पाहत असतील तर त्यांची साक्ष जुळली म्हणून न्यायाधीश निश्चिंत होत नाही.

हे तत्त्व एच.आय.व्ही.च्या तपासणीत पूर्वीपासूनच पाळले गेले आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीस एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे सांगण्यापूर्वी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या रीतीप्रमाणे तीन चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात, आणि त्या तिन्हींचे तत्त्व किंवा त्यांत वापरलेले प्रतिजन वेगवेगळे असावे लागते. पहिली निवडतात ती अत्यंत संवेदनशील, म्हणजे सहसा कोणी सुटू नये. पुढच्या दोन अत्यंत विशिष्ट, म्हणजे विनाकारण कोणी अडकू नये. रक्तपेढीत मात्र एकाच चाचणीत रक्त संशयास्पद ठरले की ती पिशवी बाद. तेथे चुकून चांगली पिशवी फेकली गेली तर नुकसान एका पिशवीचे. चुकून दूषित पिशवी चढविली गेली तर नुकसान एका जिवाचे. चाचण्यांचा क्रम आणि संख्या यांचा निर्णय केवळ आकड्यांवर होत नाही. कोणती चूक अधिक महाग, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

आता कोविडची लाट ओसरली आहे. परंतु क्रमवार चाचण्यांचा फार मोठा उपक्रम आपल्या सीमाभागात चालू झालेला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. आपल्या दृष्टीने त्याचा संबंध अगदी निकटचा आहे. जुना आदिलाबाद जिल्हा २०१६ साली विभागला जाऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पलीकडे यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली. पैनगंगा आणि प्राणहिता यांच्या दोन्ही तीरांवर गोंड, कोलाम, परधान या समाजांची वस्ती आहे. नदीने राज्ये वेगळी केली, परंतु सोयरिकी आणि रक्तातील गुणधर्म वेगळे केले नाहीत. हैदराबादेत थॅलेसेमिया आणि सिकलसेल रुग्णांसाठी १९९८ पासून एक संस्था कार्यरत आहे. तेव्हा हा आजार या शहरालाही परका नाही.

येथे पहिली चाचणी असते ती विद्राव्यतेची. नळीतील द्रावणात रक्ताचा थेंब टाकावयाचा. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, झटपट आहे, शाळेच्या ओसरीवर करता येते. जे पॉझिटिव्ह येतील त्यांचे रक्त एचपीएलसी यंत्रावर किंवा विद्युत्‌संचरण पद्धतीने तपासावयाचे. म्हणजे ही ‘पॉझिटिव्ह पुढे’ अशी रांग आहे, आणि अशा रांगेत पहिल्या पायरीवर जो सुटला तो चिमणीचा दाणा झाला, हे आपण मघा पाहिले.

मग कोण सुटतो? सहा महिन्यांच्या आतील अर्भक सुटू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढविलेला माणूस सुटू शकतो. आणि ज्याचे हिमोग्लोबिन फारच उतरलेले आहे तोही सुटू शकतो, कारण थेंबात गढूळपणा आणण्याइतके हिमोग्लोबिनच नसते. श्रोतेहो, या तिसऱ्या गटाचा विचार करावा. तीव्र रक्तक्षय, वारंवार रक्त चढवावे लागणे, ही तर सिकलसेलच्या खऱ्या रुग्णाचीच चिन्हे. म्हणजे या चाचणीची सरासरी संवेदनशीलता कितीही उत्तम असली तरी तिच्या चुका सर्वांत सारख्या वाटलेल्या नाहीत. ज्याला निदानाची सर्वाधिक निकड, त्याच्याच वाट्याला चूक येण्याचा संभव अधिक. सरासरीचा आकडा हे झाकून टाकतो. म्हणून लहान अर्भक, अलीकडे रक्त घेतलेला आणि फिक्कट पडलेला माणूस यांना पहिल्या नळीच्या निर्णयावर न सोडता त्यांचे रक्त सरळ दुसऱ्या टप्प्यास पाठवावे, किंवा रक्तक्षय असल्यास निदान नळीत रक्ताचे प्रमाण वाढवून चाचणी करावी. याचा निर्णय डॉक्टरांचा. परंतु शिबिरात रांगेपाशी उभ्या असलेल्या सेविकेला हे ठाऊक असलेच पाहिजे.

जो सापडतो त्याच्याही बाबतीत पहिली नळी अर्धेच बोलते. सिकलसेलचा रुग्ण आणि केवळ वाहक, दोघांचेही द्रावण सारखेच गढूळ होते. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याचा संभव चारात एक असतो. हा भेद दुसरी चाचणी करते. तोवर मधले दिवस, आणि कधी कधी महिनेही, ती व्यक्ती ना रुग्ण ना वाहक अशा अवस्थेत राहते. त्या मधल्या काळात गावात जो शब्द पसरतो तो टिकतो. उपवर मुलीला ‘सिकलवाली’ हे नाव एकदा चिकटले की नंतर यंत्राने ‘वाहक’ असा कागद दिला तरी पाहुणे परत येत नाहीत. आमच्या प्रसिद्धी साहित्यात या मधल्या काळाबद्दल सहसा एक ओळही नसते. ती असावी.

तेव्हा चिठ्ठीवरील शब्दांविषयी माझ्या काही सूचना आहेत. पहिल्या टप्प्यावर ‘रुग्ण’ हा शब्द कोठेही लिहू नये. ‘पुढील तपासणी आवश्यक’ एवढेच लिहावे. ‘रोग नाही’ असेही लिहू नये. ‘या चाचणीत आढळले नाही’ असे लिहावे, आणि त्याखाली कोणती लक्षणे दिसल्यास पुन्हा यावे हे गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा मराठी, ज्या त्या घरच्या बोलीत सेविकेने तोंडी सांगावे. पॉझिटिव्हांची यादी फलकावर लावू नये, शाळेच्या वर्गात वाचून दाखवू नये. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द इंग्रजीत चांगुलपणाचा आणि आपल्याकडे भीतीचा झाला आहे. त्याचे मराठीकरण कोणी सुचविले तर मी आनंदाने स्वीकारीन, परंतु ‘होकारात्मक’ म्हणून चालणार नाही. शिबिरात आलेला बाप त्याचा अर्थ ‘मुलगा ठीक आहे’ असाच घेईल.

राहिला दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न. दोन चाचण्यांचा सारा हिशेब या गृहीतावर उभा आहे की, पहिलीत अडकलेला माणूस दुसरीपर्यंत पोहोचतो. पोहोचला नाही तर त्याच्यापुरती दुसरी चाचणी नाहीच. त्याच्या हाती राहते ती बारा चिठ्ठ्यांपैकी एक. उटनूरच्या डोंगराळ भागातील मजुराला जिल्ह्याच्या गावी जावयाचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि अहवाल आणण्यासाठी दुसऱ्या दिवसाची. म्हणून माणसाला न बोलावता त्याच शिबिरात त्याच वेळी दुसऱ्या चाचणीसाठी रक्त घेऊन ते प्रयोगशाळेकडे पाठवावे. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्राने कोविडच्या काळात कोरड्या काडीवर नमुना नेण्याची जी रीत काढली आणि जिला नोव्हेंबर २०२० मध्ये परिषदेची मान्यता मिळाली, तिच्यातही हाच विचार होता : दुसरी पायरी सोपी, स्वस्त आणि लवकरची व्हावी. रक्ताच्या नमुन्याची वाट वेगळी असेल. परंतु अहवाल कोणत्या तारखेला, कोणत्या उपकेंद्रात, कोणाच्या हस्ते मिळणार, हे शिबिरातून निघतानाच चिठ्ठीच्या मागे लिहून देता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची आवश्यकता नाही.